गाडीवाल्याचें बिऱ्हाड



मुंबईच्या परिसरांत जागा शोधूं लागलेल्या मनुष्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "स्टेशनापासून चालत किती मिनिटें?" भाडें, पाणी, शाळा, शेजार या गोष्टी त्यामागून येतात. ही आपली संवय फार जुनी आहे. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यांत विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत दिवसास एक आगगाडी जाऊं-येऊं लागली. पुढें गाड्या वाढत गेल्या, आणि वसई-विरारकडील नवी वस्ती रुळांच्या आधारानेंच पसरली. चर्चगेटपासून नायगांव सुमारें ४८ किलोमीटर, वसई रोड ५२, नालासोपारा ५६ आणि विरार ६०. या आंकड्यांवर आणि स्थानकापासूनच्या पायवाटेवर तिकडील जागांचे भाव साधारणपणें ठरत आले आहेत.

परंतु हें गणित आगगाडीनें कचेरींत जाणाऱ्याचें आहे. ज्याचा पोटाचा उद्योगच मोटार चालविणें हा आहे, त्या मनुष्यानें बिऱ्हाड कोठें करावें? टॅक्सीवाला, टेंपोवाला, शाळेच्या बसचा चालक, घरोघर माल पोंचविणाऱ्या गाडीचा चालक, अशा कितीतरी लोकांनीं मुंबईंतील भाड्यांस कंटाळून वसई-विरारची वाट धरली आहे. २०११ सालच्या जनगणनेंत तेथील महानगरपालिकेच्या हद्दींत १२ लक्ष २२ हजारांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं, आणि त्यानंतरही वस्ती वाढतच आहे. या चालकांनीं दुसऱ्याच्या गजानें जागा मोजली तर ती त्यांच्या अंगास बसत नाहीं. त्यांचा गज निराळा आहे. तो कोणता, हेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे. आपणांपैकीं कित्येकांच्या घरींच एखादा चालक असेल. कित्येकांच्या दारीं रिकामी जागा भाड्यानें मागण्यास असा मनुष्य येत असेल. आणि तसें नसलें तरी त्यानें चालविलेल्या गाडींत आपण सर्वच बसतों. तेव्हां हा विषय परका मानूं नये, ही विनंति.

चालकानें स्वतःस पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा कीं, माझी गाडी रात्रीं कोठें राहते? याचें उत्तर मिळाल्यावांचून जागा पाहण्यास निघूं नये. गाडी मालकाची असून ती अंधेरीस किंवा बोरिवलीस मालकाच्या दारीं उभी राहत असेल, तर तिचा चालक कामापुरता चालक असला तरी जागेपुरता आगगाडीचा उतारूच होय. त्यानें महामार्गाचा विचार करूं नये. स्थानकापासून पायीं जातां येईल अशीच खोली पाहावी. रात्रीं शेवटची लोकल गेल्यावर पहांटेच्या पहिल्या गाडीपर्यंत कांहीं तासांचा खंड असतो. उशिरां उतरलेल्यास रिक्षा मिळेलच असें नाहीं, आणि मिळाली तर ती दिवसाच्या दरानें मिळत नाहीं.

उलट, गाडी चालकाच्या स्वतःच्या ताब्यांत असेल व ती रात्रीं त्याच्याच दारीं उभी राहणार असेल, तर स्थानकाजवळील जागा त्याला अडचणीचीच ठरते. तेथील रस्ते अरुंद. त्यांवर फेरीवाले, रिक्षांच्या रांगा, माणसांची दाटी. गाडी आंत नेणें कठीण आणि नेली तर उभी करणें त्याहून कठीण. स्थानकाच्या सान्निध्यासाठीं तो जे अधिक पैसे मोजतो, त्यांचा त्याच्या धंद्यास कांहीं उपयोग नसतो. तेव्हां त्यानें तें सान्निध्य सोडावें हें उघडच आहे. पण तें सोडून जावें कोणत्या दिशेस, येथें पुष्कळजण चुकतात.

माझ्या परिचयाचे एक टॅक्सीवाले गृहस्थ आहेत. मूळचे रत्नागिरीकडचे. जोगेश्वरीच्या एका खोलींत बारा वर्षें काढल्यावर त्यांनीं विरारच्या पश्चिमेस, स्थानकापासून बऱ्याच अंतरावर जागा घेतली. त्यांनीं ती पाहिली रविवारीं दुपारीं. रस्ता मोकळा, वारा सुखाचा, आणि भाडें महामार्गाकडे पाहिलेल्या दुसऱ्या जागेहून २ हजार रुपयांनीं कमी. सौदा तेथल्या तेथें ठरला. सोमवारीं सायंकाळीं मात्र त्यांना खरी जागा दिसली. महामार्गावरून फाट्यास वळावें, पूर्वेकडील बाजारांतून वाट काढावी, रुळांवरील पुलाशीं रांगेंत थांबावें, पलीकडे उतरून पुन्हां बाजार, आणि मग घर. रविवारीं जी वाट गाण्याच्या एका चालीवर संपली होती, तिनें सोमवारीं त्यांचा जीव मेटाकुटीस आणला.

कांहीं महिन्यांनीं आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलों. दूरच्या जागेमुळें रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर अधिक पडत होते. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर हे झाले ४६८ किलोमीटर. इंधन आणि गाडीची झीज मिळून किलोमीटरास ४ रुपये धरूं. म्हणजे १,८७२ रुपये. भाड्यांत वांचले २,००० आणि रस्त्यांत गेले १,८७२; हातीं राहिले १२८. शिवाय रोज ४० मिनिटें अधिक जात होतीं. महिन्याचे ते १७ तासांहून अधिक झाले. १७ तास गाडींत बसून १२८ रुपये मिळविणें म्हणजे तासाची कमाई सात-साडेसात रुपये! हा हिशेब पाहून ते गृहस्थ कांहीं वेळ बोललेच नाहींत. यांतील दर प्रत्येकानें आपल्या गाडीप्रमाणें बदलावा. परंतु बेरीज-वजाबाकी करण्याचें मात्र चुकवूं नये.

चालकांच्या बोलण्यांत 'भाडें' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक भाडें घरमालकाला द्यावयाचें, आणि दुसरें उतारूकडून मिळावयाचें. उतारूवांचून जी गाडी धांवते तिला हे लोक 'खाली गाडी' म्हणतात. पहिलें भाडें कमी करण्याच्या नादांत गाडी रोज किती अंतर खाली धांवते, याकडे दुर्लक्ष झालें कीं दुसरें भाडें बुडतें. म्हणून चालकाच्या दृष्टीनें स्वस्त घर याचा अर्थ असा कीं, जेथें घराचें भाडें आणि खाली फेरीचा खर्च या दोहोंची बेरीज सर्वांत कमी होते, तें घर.

आतां वसई-विरारचा नकाशा डोळ्यांपुढें आणूं. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. मधून रेल्वेचे रूळ दक्षिणोत्तर गेले आहेत. आणि त्यांच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याच्या बाजूनें, मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्याचा क्रमांक पूर्वीं ८ होता, आतां ४८ आहे. आगगाडी भाइंदरहून खाडीवरून सरळ नायगांवास येते. मोटारीस ती सरळ वाट नाहीं. तिला महामार्गावर येऊन घोडबंदरपाशीं वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडावी लागते. जुन्या पुलाच्या दुरुस्तीच्या काळांत सर्व वाहतुकीचे किती हाल झाले, हें तिकडील लोक विसरलेले नाहींत. २०२३ सालीं त्याच्या जोडीस नवा पूल आला, तेव्हां कोंडी कांहींशी सुटली; परंतु लगेच महामार्गावर काँक्रीटचा थर देण्याचें काम निघालें आणि २०२४ सालीं वाहनें पुन्हां तासन्‌तास खोळंबलीं. फेब्रुवारी २०२४ पासून वसई आणि भाइंदर यांच्यामध्यें मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली, हें खरें. दिवसां एखाद्या कामास ती फार सोयीची आहे. पण ती रात्रभर चालणारी नव्हे, आणि रोजचा धंदा तिच्यावर बांधतां येत नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. आगगाडीच्या उतारूस जें स्थान जवळचें, तें मोटारवाल्यास जवळचें असेलच असें नाहीं. नायगांव पश्चिमेचें एखादें घर स्थानकाच्या अगदीं दाराशीं असेल. पण तेथील गाडीस मुंबईस निघण्यासाठीं आधीं रूळ ओलांडून पूर्वेस यावें लागतें. त्याच गांवाच्या पूर्वेस जूचंद्र व बापाणे यांच्या बाजूस राहणारा मनुष्य तेवढ्या वेळांत महामार्ग गांठतो. चालकानें म्हणून स्थानकें न मोजतां फाटे मोजावे, आणि आपल्या घरापासून फाट्यापर्यंत रुळांवरचा पूल आडवा येतो कीं नाहीं, हें पाहावें.

या दृष्टीनें एकेक भाग थोडक्यांत पाहूं. ज्याचा धंदा विमानतळ, अंधेरी किंवा ठाणें या बाजूस आहे, त्यानें प्रथम नायगांव पूर्व, जूचंद्र, बापाणे हा पट्टा पाहावा. खाडीच्या पुलाला तो सर्वांत जवळ. जूचंद्र हें रांगोळीच्या कलावंतांसाठीं नांवाजलेलें गांव. वसई-दिवा रेल्वेमार्गावर त्याचें स्वतःचें स्थानकही आहे. अलीकडे तेथें मोठ्या वसाहती उठल्या आहेत. भोंवतालची जमीन मात्र सखल आहे, एवढें लक्षांत ठेवावें. जो टेंपो चालवितो आणि ज्याचा माल गोखिवरे, वालीव, सातिवली येथील कारखान्यांतून निघतो, त्यानें वसईच्या पूर्वेसच राहावें. कामाच्या दारीं राहण्यासारखी दुसरी काटकसर नाहीं. दिवसभर अवजड गाड्यांचा खडखडाट मात्र सोसावा लागतो. भिवंडीच्या गोदामांवर ज्याच्या फेऱ्या असतात, त्याला चिंचोटीहून कामणमार्गें जाणारा रस्ता उपयोगी. तो पावसाळ्यांत कसा असतो, हें मात्र त्यानें आधींच एखाद्या ट्रकवाल्यास विचारून घ्यावें.

नालासोपारा पूर्वेस, आचोळे, तुळिंज आणि तेथून पेल्हार व धानीवच्या बाजूस, कमी भाड्याच्या खोल्या पुष्कळ मिळतात. दाटीही तितकीच आहे, आणि तेथें एका निराळ्या सावधगिरीची आवश्यकता आहे. तिच्याकडे मी पुढें वळणारच आहे. विरार पूर्वेस मनवेलपाडा, फूलपाडा आणि फाट्याकडे सरकत चंदनसार, कोपरी हा भाग, ज्याचा धंदा मनोर, पालघर, बोईसर या बाजूस आहे त्याला बरा पडतो. मात्र महामार्गानें उत्तरेस जातांना खानिवड्याचा टोलनाका लागतो, तो खर्च हिशेबांत धरावा. दक्षिणेस दहिसरच्या नाक्यावर लहान मोटारींस ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ झाला आहे. त्यामुळें मुंबईकडे जाणाऱ्या टॅक्सीचा तेवढा भार उतरला. राहतां राहिला पश्चिमेचा पट्टा, वसई गांव, निर्मळ, आगाशी, बोळींज. वाड्या, विहिरी, समुद्राचा वारा. राहण्यास हा भाग सर्वांत सुखाचा. शाळेची बस चालविणारा किंवा गांवांतल्या गांवांत माल पोंचविणारा मनुष्य तेथें आनंदानें राहूं शकेल. रोज खाडीपार जाणाऱ्यानें मात्र माझ्या टॅक्सीवाल्या स्नेह्याची गोष्ट आठवावी.

येथवर पैशाचा हिशेब झाला. परंतु चालकाच्या जागेंत पैशाहून मोलाची एक गोष्ट असते. ती म्हणजे झोंप. कचेरींतील मनुष्य अर्धवट झोंपेंतून उठून कामावर गेला तर फार तर त्याच्या हातून एखादी बेरीज चुकेल. चालकाच्या डोळ्यांवर क्षणभर झांपड आली तर काय होतें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. मोटार वाहतुकीच्या कामगारांसाठीं १९६१ सालीं झालेल्या कायद्यानें दिवसाच्या कामास ८ तासांची मर्यादा घातली होती. मोबाईलवरून भाड्याच्या मोटारी जुळवून देणाऱ्या कंपन्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२० सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत चालकानें दिवसांत १२ तासांहून अधिक काम करूं नये आणि त्यानंतर १० तास विश्रांति घ्यावी, असें सांगितलें होतें. हे १० तास कागदावर पुरेसे दिसतात. पण धंद्याच्या जागेपासून घरीं येण्यास दीड तास आणि परत जाण्यास दीड तास लागत असेल, तर उरले ७. स्नान, जेवण, गाडी धुणें, मुलांची चौकशी यांत २ गेले. झोंपेस राहिले ५. तेंच घर अर्ध्या तासाच्या अंतरावर असतें, तर झोंपेस ७ तास मिळते. हे दोन तास कोणत्याही भाडेपावतीवर लिहिलेले नसतात.

रात्रपाळी करणाऱ्यानें तर जागा डोळ्यांइतकीच कानांनींही पाहावी. त्याला झोंपावयाचें असतें दिवसा. खालीं पत्रेकामाचा कारखाना आहे काय, समोर शाळेचें मैदान आहे काय, ध्वनिवर्धक कोणत्या बाजूस लागतात, हें त्यानें विचारावें. चाळीची खोली पत्र्याच्या छपराची असेल तर ती एप्रिल-मे महिन्यांत दुपारीं जाऊन पाहावी. दहा मिनिटें आंत बसवलें नाहीं, तर तेथें सहा तास निजणें कसें शक्य आहे? अशी खोली हजार-पांचशें रुपयांनीं स्वस्त मिळाली, तरी ती ज्या दिवशीं एक अपघात घडवील त्या दिवशीं सारें वसूल करून घेईल. म्हणून माझें आग्रहाचें सांगणें असें कीं, जागा तीन वेळां पाहावी : एकदां कामाच्या दिवशीं सायंकाळीं, परतण्याच्या वेळीं, एकदां ज्या वेळीं आपण निजणार त्या वेळीं, आणि साधल्यास एकदां मुसळधार पावसांत.

पावसाचें महत्त्व वसईकरांस सांगावयास नको. तेथील जुन्या वाडीवाल्यांनीं गांवोगांव बावखलें राखलीं. पावसाचें पाणी त्यांत सांठावें, मुरावें आणि उन्हाळ्यांत वाडीस मिळावें, ही त्यांची योजना. जेथें बावखलें, खाजणें आणि मिठागरें बुजवून इमारती उभ्या राहिल्या, तेथें पाणी आपली जुनी जागा शोधीत येतें. जुलै २०१८ मध्यें असा पाऊस झाला कीं, रुळांवर पाणी चढून आगगाड्या थांबल्या, वीज बंद ठेवावी लागली, आणि वसई पूर्वेच्या मिठागर वस्तींतील रहिवासी पाण्यानें वेढले गेले. पुढें या पुराचीं कारणें शोधण्याचें काम मुंबईची आयआयटी आणि नीरी या संस्थांकडे सोंपविण्यांत आलें. असा पूर येतो त्या दिवशीं कचेरींतील मनुष्याची रजा पडते. चालकाची रजा पडतेच, शिवाय दारीं उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनांत पाणी शिरलें तर त्याचें भांडवलही बुडतें, आणि कर्जाचा हप्ता कांहीं थांबत नाहीं. तेव्हां दलालास न विचारतां कोपऱ्यावरच्या वाण्यास विचारावें कीं, पाणी कोठवर चढतें. त्यानें दुकानाचा उंबरठा उंच बांधून घेतला असेल, तर विचारण्याचीही गरज नाहीं.

पिण्याच्या पाण्याचीही चौकशी हवी. बोळींज येथें म्हाडानें मोठी वसाहत उभारली. पण पाण्याच्या अडचणीमुळें तेथील पुष्कळ घरें दीर्घकाळ विकलीं गेलीं नाहींत. सूर्या प्रकल्पाचें नवें पाणी २०२३ च्या अखेरीस वसई-विरारला मिळूं लागलें, आणि परिस्थिति सुधारली. तरीही प्रत्येक इमारतींत नळ किती वेळ येतो आणि टँकरचा खर्च कोणाच्या माथीं, हें ठरवून घ्यावें. चौदा तास गाडी हांकून आलेल्या मनुष्यानें मग हंडा घेऊन रांगेंत उभें राहावें, अशी वेळ येऊं देऊं नये.

आतां त्या सावधगिरीची गोष्ट. वसई-विरारमध्यें जी जागा अतिशय स्वस्त असते, तिच्या स्वस्ताईचें कारण कित्येकदां कागदांत दडलेलें असतें. १९९० पासून तेथील नगररचनेचा अधिकार सिडकोकडे होता. २००९ सालीं महानगरपालिका झाली आणि २०१० सालीं हा अधिकार तिच्याकडे आला. त्या आधीं आणि नंतरही परवानगीवांचून पुष्कळ बांधकाम झालें. नालासोपारा पूर्वेस अग्रवाल नगरीच्या परिसरांत, सांडपाणी-प्रकल्प आणि कचराभूमि यांसाठीं राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उठल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानें त्या पाडण्याचें काम नोव्हेंबर २०२४ मध्यें सुरू झालें आणि २०२५ च्या आरंभीं पुरें झालें. त्यांतील शेंकडों कुटुंबें नियमानें घरपट्टी आणि वीजबिल भरीत होतीं. तरी त्यांना संसार उचलून बाहेर पडावें लागलें. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस विरार पूर्वेस एका अनधिकृत इमारतीचा भाग रात्रीं कोसळला आणि १७ माणसें प्राणास मुकलीं.

या दोन घटना प्रत्येक भाडेकरूनेंही ध्यानांत ठेवाव्या. आपण तर केवळ भाड्यानें राहणार, मग इमारतीचे कागद आपणांस कशाला, असें म्हणण्याची रीत आहे. छप्पर कोसळतांना मालक कोण आणि भाडेकरू कोण, हें पाहत नाहीं. घरपट्टीची पावती किंवा विजेचें बिल म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. इमारतीस बांधकाम सुरू करण्याची परवानगी होती काय, आणि पुरी झाल्यावर भोगवटा-प्रमाणपत्र मिळालें काय, हे दोन प्रश्न विचारावे. महानगरपालिकेच्या नऊ प्रभागसमित्या आहेत. आपल्या प्रभागाच्या कचेरींत जाऊन विचारणा करण्यास एक सकाळ पुरते. पावसाळ्यापूर्वीं धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते, तीही पाहावी. भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला असावा; १९९९ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें ही जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे. आणि गाडी उभी करण्याची जागा त्या करारांत स्पष्ट लिहून घ्यावी. कारण "गाडीचें पाहूं पुढें" असें म्हणणारा मालक पुढें पाहत नाहीं, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

घर एकट्या चालकाचें नसतें. त्याची पत्नी नोकरीस जात असेल, मुलगी महाविद्यालयांत जात असेल, तर त्यांना आगगाडी हवी. चालकाला फाटा जवळ हवा आणि त्यांना स्थानक. येथें घरांतील थोरानें एकट्यानें निर्णय केला तर कोणाचे तरी दोन तास रोज जळतात. माझ्या मतें यावर एक साधी तोड आहे. घरांतील प्रत्येकाच्या जाण्यायेण्याचीं मिनिटें एका कागदावर लिहावीं आणि त्यांची बेरीज करावी. चालकास गाडी असते, पण तिच्यांतून तो घरच्यांस स्थानकावर रोज सोडूं शकेल असें मानूं नये. त्याच्या वेळा निराळ्या. स्थानक आणि महामार्ग यांच्या मधोमध, जेथून स्थानकास जाणारी बस किंवा भागीची रिक्षा सहज मिळते, असें ठिकाण बहुधा सर्वांस पुरतें.

आतां शेवटची गोष्ट; ती चालकांस उद्देशून नसून आपणां सर्वांस आहे. आपल्या कित्येक गृहसंस्थांमध्यें पिवळ्या पाटीची गाडी आवारांत उभी करण्यास मनाई असते. कांहीं ठिकाणीं टॅक्सीवाला म्हटल्यावर जागा दाखविलीच जात नाहीं. आपल्या मुलीस रात्रीं बारा वाजतां विमानतळावरून सुखरूप घरीं आणणारा मनुष्य आपणांस हवा असतो. तो सकाळीं आठ वाजतां आपल्या शेजारीं निजलेला मात्र आपणांस चालत नाहीं. इमारतीखालील मोकळी जागा ही बांधणाऱ्याची विकाऊ मालमत्ता नसून सर्वांच्या सामाइक वापराची आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं म्हटलें. मग त्या सामाइक जागेची वांटणी करतांना, ज्याचें पोट गाडीवर आहे त्याला आधीं जागा द्यावी, एवढा विचार आपण करूं शकणार नाहीं काय? आणि ज्या दारामागें रात्रपाळीचा चालक निजला आहे, त्या दारावरून दुपारीं जातांना आवाज थोडा खालीं आणणें, यास तर पैसाही पडत नाहीं.

माझ्या त्या टॅक्सीवाल्या स्नेह्यांनीं वर्ष संपतांच बिऱ्हाड हलविलें. आतां ते जूचंद्राच्या बाजूस राहतात. भाडें २ हजार रुपये अधिक देतात. गाडी आवाराच्या आंत उभी राहते, कारण त्या संस्थेच्या सभासदांनीं त्यांना ती राहूं दिली. परवां ते भेटले तेव्हां मीं विचारलें, "काय, हिशेब जुळला कां?" ते म्हणाले, "पैशाचा तेवढ्यास तेवढाच आहे. पण रात्रीचें जेवण आतां मुलांबरोबर होतें, आणि सकाळीं गाडी सुरू करतांना डोळे चुरचुरत नाहींत."

जागा शोधणाऱ्या प्रत्येक चालकास असें बिऱ्हाड लाभो, आणि तें लाभण्यास आपला शेजार त्याच्या उपयोगी पडो.